एक थेंब तेल, आमेरच्या गाडीसाठी

मी गजभिये साहेबांच्या इंजिनात खोबरेल तेल घातलं होतं. वीतभर लांबीचं ते काळं इंजिन, त्याच्या पोटातल्या मोटरसाठी त्यांनी नऊ वर्षं वाट पाहिलेली, आणि ती मोटर माझ्या तेलानं जळाली. एवढंच मला त्यांना सांगायचं होतं. सहा वर्षं मी जवळजवळ दर रविवारी त्यांच्या घरी जात होतो, तेव्हा संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी ऑफिसात फोन आला. "गजभियेजी नहीं रहे," त्यांचे घरमालक म्हणाले. त्या क्षणी दुःखाच्याही आधी माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते... अरे, आता सांगायचं कुणाला?

मी वेंगुर्ल्याचा. रेल्वेत कारकून. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बदली होऊन जयपूरला आलो तो भर उन्हाळ्यात. रेल्वे कॉलनीत समोरच्या क्वार्टरवर 'गजभिये' अशी पाटी दिसली आणि मराठी बोलायला मिळणार म्हणून त्याच संध्याकाळी जाऊन धडकलो. दार उघडलं ते एका बुटक्या, पार टक्कल पडलेल्या गृहस्थांनी. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, मला चौकटीशी उभं केलं आणि म्हणाले, "पाच फूट पाच. म्हंजे एकोणीस मिलिमीटर. बसा जी." मला वाटलं, उन्हाळा बाधलाय. आतल्या खोलीत गेल्यावर उलगडा झाला. सगळी खोली एका लाकडी फळीनं भरली होती आणि त्या फळीवर डोंगर होते, स्टेशन होतं, सिग्नल होते, सुताएवढे रूळ होते. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. त्या हिशेबानं मी एकोणीस मिलिमीटर. पुढे कॉलनीत ते माझी ओळखही तशीच करून द्यायचे.

गजभिये साहेब नागपूरचे, रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर. आपल्याकडे छोट्या गाड्यांचं सामान मिळणं महामुश्कील, म्हणून ते बहुतेक सगळं हातानं करत. पत्र्याच्या डब्यातून मालगाडीच्या वाघिणी निघत, काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर होत, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं आणि रद्दीच्या लगद्याचे डोंगर. खरी विकत घेतलेली अशी आगगाडीच्या डब्यांची चारच खेळणी कपाटात होती, ती ते पाहुण्यांना दाखवायचे, पण चालवायचे नाहीत. "हे परदेशातले पाव्हणे," म्हणायचे, "यायले आपले रूळ सोसत नाही." इंजिनाचं बाहेरचं अंग त्यांनी कधीच तयार केलं होतं, जयपूरच्या मीटरगेजवर धावणाऱ्या काळ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. अडलं होतं ते मोटरपाशी. शेवटी कँटोन्मेंटमधल्या एका मराठी मेजरांच्या मुलांनी खेळण्यातली परदेशी गाडी मोडली, आणि तिची मोटर यांना मिळाली. मुलांनी गाडी मोडावी म्हणून नऊ वर्षं वाट पाहणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

एकदा मी विचारलं, "साहेब, दिवसभर खऱ्या गाड्या बघता, घरी येऊन पुन्हा हेच?" ते हातातला पत्र्याला डाग देण्याचा चिमटा खाली ठेवून म्हणाले, "मी काय पाह्यतो? सिग्नल पडला, गाडी गेली. कुठं गेली, पोचली का, मले काय माहीत? इथं मले पूर्ण गाडी पाह्यला भेटते." आणि फळीवरची त्यांची गाडी जायची कुठे, तर आमेरला, जयपूरबाहेरच्या किल्ल्याच्या गावी. आमेरला रेल्वे नाही, हे मी मोठ्या हुशारीनं त्यांच्या निदर्शनास आणलं. "म्हणून तं टाकली," ते म्हणाले. "खात्यानं बदली केली तिथं आपण जातो. एक लाइन तरी माह्या मर्जीनं जाऊ द्या."

ही लाइन टाकण्यासाठी ते रविवारी सायकलनं आमेरला जात आणि किल्ल्याच्या पायऱ्या, कमानी, खिडक्या मोजून वहीत लिहीत. एकदा मीही गेलो होतो. वर जाणाऱ्या हत्तीपाशी त्यांनी मोजपट्टी काढली तेव्हा माहूत खालीच उतरला. "साहब, हाथी का सूट सिलवाओगे क्या?" गजभिये अगदी गंभीरपणे म्हणाले, "नहीं भैया, छोटा करवाना है." माहुतानं हत्ती दोन पावलं मागे घेतला.

त्या वर्षी दसऱ्याला गजभिये कुटुंब दीक्षाभूमीला म्हणून नागपूरला गेलं. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "धूळ झटका, गाडी चालवायची असंन तं चालवा. पण इंजिनाचं पोट नका उघडू जी." मी पोट उघडलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी ते वरूनच भरलं. झालं असं की तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी आमेरच्या वळणावर कुं कुं करायला लागली. मला तिची कीव आली. इतक्या नाजूक जिवाला ऑफिसातलं काळं वंगण कसं घालायचं? आमच्या घरी आईनं स्वतः काढलेलं, कापूर घातलेलं खोबरेल होतं. प्रत्येक रजेत गावाहून मी ते निळ्या डब्यातून आणायचो आणि रोज डोक्याला चोपडायचो. लहान बाळालाही चालतं ते तेल. मी चाकांना घातलं, दांड्यांना घातलं, फटीतून आत घातलं, आणि उरलं ते रुळांवरून बोटानं फिरवलं. गाडी अशी काही चालू लागली की लोण्यावरून सुरी. माझं मलाच कौतुक वाटलं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना विचारलंत?" मी म्हणालो, "विचारायचं काय त्यात, आल्यावर खूशच होतील."

ते आले, पण गाडी चालली नाही. कारण सव्वीस जानेवारीला रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन ठरलं होतं आणि अख्खी फळी दारातून बाहेर निघावी म्हणून त्यांनी आल्या आल्या तिचे तीन तुकडे करायला घेतले. इंजिन मखमलीत गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात गेलं. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये जोडणी झाली, चालवून बघणार तोच वीज गेली. "उद्याच पाहू," ते म्हणाले. आणि उद्या उजाडला तो असा की नळाचं पाणी हाताला चावत होतं. जयपूरमधला माझा तो पहिला हिवाळा. एरवी तेलाचा डबा शेगडीपाशी असायचा, त्या रात्री तो खिडकीत राहिला होता. अंघोळीनंतर मी तेलाचा डबा डोक्यावर पालथा धरला, तर त्यातून काहीच येईना. आत पांढरं, घट्ट, साबणासारखं. वेंगुर्ल्यात जन्म काढलेला माणूस मी, खोबरेल असं दगड होताना कधी पाहिलं नव्हतं. बायकोनं डबा गरम पाण्यात धरला. मला गंमत वाटली. बस, गंमतच वाटली.

हॉलमध्ये प्रमुख पाहुणे आले, फीत कापली, गजभिये साहेबांनी बटण फिरवलं. इंजिन हललं नाही. नुसतं गुणगुणलं. त्यांनी जोर वाढवला. इंजिन थरथरलं, चरचरलं आणि त्याच्या पोटातून निळसर धुराची एक रेघ वर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! "वाह, धुआँ भी निकलता है!" पाहुण्यांनी स्वतः पुढे होऊन साहेबांचा हात हातात घेतला. साहेब हसत होते, मान डोलावत होते, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी वायर उपटून काढली होती. त्यांचे ओठ पांढरे पडलेले फक्त मला दिसले. आणि त्याच क्षणी मला सकाळचा डबा दिसला. पांढरा. घट्ट. मी टाळ्या वाजवत राहिलो... इतरांपेक्षा जरा जास्तच जोरात.

त्यानंतर सुरू झाला तपास. गजभिये चिडणारे नव्हतेच, ते चौकशी करणारे होते. त्यांनी वहीत 'इंजिन का थांबलं?' असं लिहून खाली कारणं मांडली: धूळ, थंडी, विजेचा दाब, मोटरचं वय. दर रविवारी मला समोर बसवून एकेक कारण तपासायचे. "तुमाले काय वाटते, रेडकर साहेब?" मी मन लावून मदत करायचो. वाळूचे कण मी सुचवले, उंदीर मी सुचवला. एकदा तर मेजरसाहेबांच्या मुलांवरही संशय घेतला. ते सगळं नीट लिहून घ्यायचे. एक दिवस सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या वेंगुर्ल्याले थंडी किती पडते जी?" मला गावाचा विषय निघाला की राहवत नाही. "थंडी? अहो, आमच्याकडे खोबरेलसुद्धा गोठत नाही!" म्हणालो, आणि जीभ चावली. ते म्हणाले, "असं होय," आणि स्क्रू फिरवत राहिले. मी सुटकेचा श्वास टाकला.

दोन वर्षांनी त्यांनी एका मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर इंजिनात बसवली. ताकद कमी, म्हणून गाडी सावकाश चाले. "आता थे एक्सप्रेस नाही राह्यली," म्हणायचे, "पण आमेर कुठं पळून चाललं?" निवृत्त झाल्यावर ते आदर्श नगरमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले, एक माणसांसाठी आणि एक गाडीसाठी. तिथे एक नवाच पायंडा पडला. दर रविवारी गाडी सुटायच्या आधी ते शिलाई मशीनच्या तेलाची बारीक नळी माझ्या हातात द्यायचे. "तेल तुम्हीच घाला जी. एक थेंब." साऱ्या जगातली कामं सोडून याच कामासाठी माझी निवड व्हावी, हा नशिबाचा खेळ आहे असं मी समजत होतो. थेंब टाकताना दरवेळी ठरवायचो, आज सांगू. मग गाडी सुटायची, वळण घ्यायची, बोगद्यात जायची, आणि ती पलीकडून येईपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून बघत बसायचो. अशा वेळी कुणी बोलतं का?

ते गेल्यानंतर तिसऱ्या रविवारी गजभिये वहिनींचा निरोप आला. "गाडी तशीच उभी आहे. तेल घालून जा." मी गेलो. खोली तशीच होती, मोजपट्टी खिळ्याला लटकलेली. मी एक थेंब टाकला, बटण फिरवलं, गाडी निघाली... आणि मला राहवलं नाही. वहिनींकडे न बघता मी सगळं सांगून टाकलं. दसरा, कुं कुं, निळा डबा, सगळं. वहिनींनी टेबलावरचं भिंग माझ्या हातात दिलं आणि आमेर स्टेशनाच्या फलाटाकडे बोट दाखवलं.

तिथे माझा पुतळा होता. एकोणीस मिलिमीटर. साहेबांनी तो खडूतून कोरून फार पूर्वीच उभा केला होता, इंजिन जिथे येऊन थांबतं अगदी तिथे. माझ्या हातात त्यांनी कंदील दिलाय, असं मी इतकी वर्षं समजत होतो. भिंगातून पाहिलं. कंदील नव्हता. बाजरीच्या दाण्याएवढा एक निळा डबा होता.

"त्याच दिवशी कळलं होतं त्यायले," वहिनी म्हणाल्या. "घरी येऊन इंजिन हुंगलं, मलेही हुंगवलं. कापराचा वास."

"मग बोलले का नाहीत कधी?"

"बोलले असते तं तुम्ही आले असते का रविवारचे?"

गाडी बोगद्यातून बाहेर आली, फलाटापाशी पोचली. मी बटण बंद केलं. ती बरोबर माझ्यासमोर थांबली. माझा हात आपसूक डोक्याकडे गेला, आणि वहिनी पदर तोंडाला लावून पहिल्यांदाच हसल्या.

"भाऊजी, इतकं तेल रोज डोक्यावर थापत होते तुम्ही," त्या म्हणाल्या, "पण आत काहीच नाही पोचलं ना जी!"