पता बताइए, अंकलजी

आमचे हे सेवा क्लबचे अध्यक्ष. दर रविवारी कानात हेडफोन खुपसून क्लबच्या हिंदीतल्या ऑनलाइन बैठकीला बसले की घर पेटलं तरी उठायचे नाहीत.

त्या रविवारी ठरलं, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन सदस्यांनी तासभर गप्पा मारायच्या. मी बाजूलाच मेथी निवडत होते. मनात म्हटलं, अच्छा! घरच्या म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलायला सवड नाही, अन् हे चालले अख्ख्या मदन महल मोहल्ल्यात गप्पा मारायला!

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला, तोही हिंदीत. घरात त्यांनी कधी मराठी सोडली नव्हती.

“मेरे यहाँ भी किसी को भेजिए. बात करने वाला कोई नहीं है.”

मी धावत जाऊन बघते तर काय, ह्यांनीच घरच्या ग्रुपवर टाकलेली लिंक उघडून सासरे मोबाइलवर त्याच बैठकीत बसलेले. कॅमेरा बंद.

बाहेर ह्यांनी बापाचा आवाज ओळखलाच नाही. मधाळ सुरात म्हणाले, “ज़रूर, अंकलजी. पता बताइए.”

सासऱ्यांनी मोबाइल तोंडाजवळ नेला. मग मराठीत म्हणाले, “तुह्या बाजूच्याच खोलीत राहून राहिलो, बेटा.”