आईचा गोडा मसाला आणि धुराचा अलार्म

साथीच्या तापातून आई उठली ती वासाची जाणीव घालवूनच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. वर्ष उलटलं, दुसरंही सरलं, वास काही आला नाही. आईने त्याचा गवगवा केला नाही. फोडणी करताना ती कढईवर जरा जास्त वाकायची, एवढंच.

आमचं घर हडपसरला आणि माझी नोकरी हिंजवडीत. सकाळी मी कंपनीच्या बसने गेले की आई दिवसभर एकटी. एकदा दुपारी ती दूध गॅसवर ठेवून बाल्कनीत पेपर वाचत बसली. दूध आटलं, पातेलं जळलं, धूर जिन्यापर्यंत गेला. समोरच्या काकू धावत आल्या आणि त्यांनीच गॅस बंद केला.

"अहो वहिनी, केवढा वास सुटलाय!"

"सुटला असेल," आई म्हणाली. "मला कळवलं नाही त्याने."

हे मला काकूंकडून समजलं. त्याच आठवड्यात मी बॅटरीवर चालणारे दोन धुराचे अलार्म आणले. स्वयंपाकघरात लावला असता तर प्रत्येक फोडणीला बोंबलला असता, म्हणून एक बाहेरच्या पॅसेजमध्ये छताला लावला, दुसरा आईच्या खोलीत. मी ड्रिल घेऊन स्टुलावर, आई स्टूल धरून खाली.

"घरातलं एक नाक गेलं म्हणून दोन विकत आणलीस होय?"

"असू दे गं."

"असू दे की. यांना निदान सर्दी तरी व्हायची नाही."

मी बटण दाबून आवाज तपासला. आईने कानांवर हात ठेवले आणि खूप दिवसांनी मोकळी हसली. मला वाटलं, बरं झालं, मिटलं.

मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात आई वर्षाचा गोडा मसाला करायची. मावशीकडे, काकूंकडे, माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींकडेही त्याच्या बरण्या जायच्या. त्या शनिवारी मी घरीच होते. धणे, तीळ, खोबरं नीट भाजून झालं, कारण त्यांचा रंग बदललेला दिसतो. दगडफूल मात्र आधीच काळपट. ते झालं की नाही, हे वासावरूनच कळायचं. आई ते हलवत राहिली आणि पॅसेजमधला अलार्म किंचाळायला लागला.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि अलार्मखाली टॉवेल हलवत उभी राहिले. आवाज थांबल्यावर आईने विचारलं, "जळलं?"

"थोडंसं."

"थोड्याशाला तो ओरडत नाही."

तिने कढई पुसली, दुसरं दगडफूल घेतलं आणि मला शेजारी उभं केलं. "आता वास तू घे. सांग, कसा येतोय?"

"छान येतोय."

"छान म्हणजे कसा? ओल्या मातीसारखा की वाळल्या लाकडासारखा?"

मी वाकून पुन्हा पुन्हा वास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला शब्दच सापडेना. "झालं बहुतेक," मी म्हणाले. तिने कढई उतरवली.

संध्याकाळच्या आमटीला कडवट चव होती. "जास्त झालं," आई म्हणाली आणि पूर्ण वाटी संपवली. त्या वर्षी कुणाकडेच बरणी गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला, तेव्हा आई तिला म्हणाली, "आता विकतचा आण गं. चांगला मिळतो हल्ली."

अलार्मचं काही चुकलं नव्हतं. त्यासाठीच तर तो लावला होता. मी महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघते, दिवाळीच्या साफसफाईत पंखे पुसताना ब्रशने त्याची धूळ काढते आणि नवी बॅटरी घालते. आईच आठवण करते. तिच्या मनात त्याच्याबद्दल राग नाही. माझ्या मनात मात्र तो शनिवार तसाच राहिला आहे.

परवा मी विकतच्या मसाल्याचं पाकीट फोडलं. आईने सवयीने ते नाकाशी नेलं, दीर्घ श्वास घेतला आणि पाकीट मला परत दिलं.

"कसा आहे?"

"तुझ्यासारखा नाही."

"माझा कसा होता, ते आता तूच लक्षात ठेव," ती म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली.