आईची गोळी आणि आत्याचा काढा

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, डावा हात अर्धांगवायूनं लुळा पडला त्याला आता वर्ष होऊन गेलं. बीपीच्या गोळ्या त्यांनी मधेच सोडल्या होत्या, कारण त्यांना काही त्रास होत नव्हता. तेव्हापासून माझ्याही आत काहीतरी थिजलं आहे. धाराशिवच्या कॉलेजात मी तासाला बसते, सर सांगतात ते लिहून घेते. सुट्टीला घरी आले की कामं करते. रडू मात्र येत नाही.

त्या शनिवारी गावी, माकणीला आले, तर आईच्या गोळ्यांचं पाकीट भरलेलंच. मागच्या महिन्यात तिलाही बीपी निघालं होतं. चुलीवर आत्यानं दिलेला काढा उकळत होता.

"गोळीची सवय लागती," आई म्हणाली. "आत्या म्हणती, प्रतिकारशक्ती कमी झाली की बीपी वाढतंय. काढ्यानं येती भरून."

करोनापासून आमच्याकडं प्रत्येक दुखण्याला हेच कारण असतं. मला नीट सांगता येईल का, याची खात्री नव्हती. तरी बोलले.

"सरांनी येगळंच शिकवलं, आई. रोगाशी लढणाऱ्या पेशी कधी कधी रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात जमतात. तिथं जंतू नसला तरी लढतच राहतात. त्यानं सूज येती, बीपी वाढतं. म्हणजे शक्ती कमी पडली म्हणून न्हाय. अजून संशोधन चालू हाय, पण..."

"पण काय?" आत्या दारातच उभी होती. "कालेजात गेली की डाक्टरीण झाली व्हय गं? वहिनी, आता हिलाच तपासू द्या तुमाला."

आई हसली. मी खाली बघत म्हणाले, "काढ्याचं मला म्हाईत न्हाय, आत्या. आईला गोळी सोडायला लावू नका, एवढंच. आप्पांना तरी कुठं काय होत होतं?"

बाजेवर पडलेल्या आप्पांनी उजवा हात उचलला. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"गोळी," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "आधी."

आत्यानं भावाकडं पाहिलं आणि स्वतःच तांब्या भरून आणला. "घ्या वहिनी."

आईनं गोळी घेतली. मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी काढा उतरवून ठेवला आणि म्हणाले, "तिकडं गेल्यावर रोज फोन करून इचारीन."

"मला कशाला?" आई म्हणाली. "यांनाच इचार. आता हेच ध्यान ठिवत्याल."