उसावर बसलेली आई

घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. मी लिहिणं आगाऊपणाचं वाटलं, तर माफ करा.

भौतिकशास्त्राच्या तासाला सरांनी खेळण्यातल्या गाडीवर खडू ठेवून ती ढकलली. गाडी पुस्तकाला धडकून थांबली, खडू पुढे उडाला.

“गाडी थांबली, खडूला कोण थांबवणार?” सर म्हणाले. वर्ग हसला. मी हादरलो. ऊस तोडून झाला की माझी आई भरल्या ट्रॉलीवर, उसावर बसून परतते. नियम साऱ्या जगाला एकच. आपण कुठे बसलोय, तेवढंच वेगळं.

फोनवर म्हणालो, “आई, वर बसू नकोस.”

ती हसली. “मग मी आत बसून ऊस चालवत नेऊ व्हय रं?”

काल तिचा फोन लागेना. शेवटी वडिलांचा आला: “ट्रॉलीला कचकन ब्रेक लागला. आई पुढं फेकली गेली. हात मोडलाय, पण बोलतीया.”