टाळ्या

बिदरहून दर रविवारी सकाळी आम्ही काही जण सायकलवर निघतो. त्यातले एक काका कायम सगळ्यांच्या पुढे. कापडाचं दुकान आहे त्यांचं, त्यामुळे बोलणंही गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखं, अर्धं मराठी, अर्धं कन्नड. "चला, होगोण! मी हाय न्हवं!"

त्यांच्या शेजारच्या अक्कांचा तिशीतला मुलगा समजुतीनं अजून लहान आहे. त्यालाही ते हौसेनं बरोबर आणू लागले. गेल्या रविवारी कमठाण्याहून परतताना तो मागे पडला, आणि आमचा चहा संपेपर्यंत कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागे जाऊन पाहिलं, तर रस्त्याकडेला काही टवाळ पोरं त्याला नाचवत होती, मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. काकांनी ओरडून त्यांना पळवून लावलं.

वाटेत मी म्हणालो, "अक्कांना कामून सांगायचं? उगं घाबरतील."

पण काका सरळ अक्कांच्या अंगणात गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. "तुम्ही माझ्या भरवशावर धाडलं, अक्का. मी मागं वळून बघितलंच न्हाई."

अक्कांनी मुलाला जवळ ओढलं. "काय केलं रे त्यांनी तुला?"

"टाळ्या वाजविल्या!" तो हरखून म्हणाला आणि तिथंच पुन्हा तसाच नाचू लागला. नाचता नाचता थांबला. आम्ही टाळ्या कधी वाजवतो, म्हणून आमच्या हातांकडे बघत राहिला.

काकांनी हात पाठीमागे नेले. मीही.