अळम्यांचे कल्ले

देवबागेतून मी पिंगुळीकडच्या या घरात सून म्हणून आले, तेव्हा रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. मासळीतलं मला सगळं कळायचं, रानातलं काडीचंही नाही. श्रावणात घरात मासळी बंद, आणि माझ्या जिवाची नुसती तगमग. मग सासरे सकाळी रानात जाऊन अळमी, म्हणजे अळंबी, आणत; रोवणीवरची, वारुळावरची. सासूबाई खोबऱ्याचं वाटप लावून ती अशी रांधत, की मी कोलंबीसुद्धा विसरायचे.

ती रोवण कुठे आहे, हे सासऱ्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सख्ख्या मुलालाही नाही. जागा सांगितली की अळमी रुसतात, पुन्हा उगवत नाहीत, असं इथे मानतात. गावात त्यांच्या अळम्यांचं नाव होतं आणि म्हाताऱ्याला त्याचा तोराही होता.

एका श्रावणात त्यांनी टोपली भरून आणली. माझी लेक तेव्हा नुकती भात खायला लागली होती, तिलाही चव द्यायची होती. मी निवडायला बसले. मासा हातात आला की कल्ला उचलून बघायचा, हे आम्हा दर्यावरच्या बायकांच्या बोटांतच असतं. त्याच सवयीने एक अळमं उलटं केलं. एरवी छत्रीखालच्या पापुद्र्यांचे हे कल्ले पांढरेशुभ्र. हे हिरवट होते. देठाला कडं. आणि रोवणीतून उपटताना लांब मूळ येतं, ते तर नव्हतंच. ही विषारी असणार. सासूबाई म्हणाल्या, लसूण घालून शिजवू, काळी पडली तर टाकू. मी कसली ऐकते! माझं पोर जेवणार होतं. पण म्हाताऱ्याला सांगायचं कोणी?

मीच टोपली घेऊन ओटीवर गेले. "बाबांनू, हेंच्या गळ्यात कडां आसा. आपल्या अळम्यांक नसता."

त्यांनी देठ डोळ्यांजवळ नेला, मग अंगठ्याने चाचपला. शेवटी कबूल केलं. रोवण सापडलीच नव्हती. वाटेतल्या गवतातली उपटून आणली होती. उठून त्यांनी स्वतः खड्डा काढला आणि गुरांनी तोंड लावू नये म्हणून सगळी पुरली. मला रडू आलं. वाचलो म्हणून, की त्यांच्यासाठी, कोण जाणे.

हातपाय धुऊन ते माझ्याजवळ आले. "माका दिसणा नाय गो. फाल्यां सकाळीच माझ्यावांगडा चल, रोवण दाखयतंय."

"आणि अळमी रुसली तर?"

"रुसांदेत. माणसां ऱ्हवांदेत."