दर्भाचा कावळा

रामनाथ तोरसकर आमच्या मुलुंडच्या कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन शिकवायचा. मी मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये माझं टेबल त्याच्यासमोर. भांडुपच्या चाळीतला गिरणी कामगाराचा मुलगा तो. कॉलेजातल्या एका म्हाताऱ्या फादरनं त्याला या भाषा शिकवल्या आणि एकच मागणं मागितलं, "तूही कुणा एकाला तयार कर." बस्स, त्या शब्दापायी या माणसानं जन्म काढला. वर्गात चार टाळकी, त्यातली निम्मी पंख्याखाली डुलक्या काढायला आलेली! मी चिडवायचे, "रामनाथ, मेलेल्या भाषांशी कसला रे संसार करतोस?" तो नुसता हसायचा. संशोधन तरी कशावर, तर ग्रीक लोक कबरींवर दूध-मध ओतायचे त्यावर. "आपल्या पिंडासारखंच गं, सुलक्षणा," म्हणायचा. "गेलेल्यांना तिकडंही भूक लागायची."

मग विक्रोळीची कल्पिता वर्गात आली. भलतीच हुशार पोर. रामनाथला आभाळ ठेंगणं झालं. जीव ओतून शिकवलं त्यानं तिला. पण तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि तिनं विमा कंपनीत नोकरी धरली. तिला तो एका शब्दानं बोलला नाही. पुढे स्वतःच आजारी पडला, तेव्हा हॉस्पिटलात मला मात्र सारखा विचारायचा, "ती परत येईल ना गं शिकवायला?" मी काय सांगणार, कपाळ!

त्या दुखण्यातच तो गेला. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा समोरच्या पत्र्यावर बसलेला, पण खाली उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग घरचे हात जोडून शब्द देतात. मुलगा प्रज्योत म्हणाला, "बाबा, आईला सांभाळीन." कावळा ढिम्म. आमचे प्राचार्य पुढे झाले, "सर, तुमचा वर्ग बंद पडू देणार नाही." खोटारडा मेला! वर्गाची खोली त्यानं आधीच जिमला देऊन टाकली होती.

रामनाथच्या बायकोनं, मथुरावहिनींनी, कल्पिताचा हात धरला. "बोल गो बाय. 'मी शिकवीन' इतक्याच बोल. तेंचो जीव थयच अडकलो हा."

कल्पितानं हात जोडले. "सर, मला नाही जमणार," म्हणाली. "तुमच्याशी खोटं नाही बोलवत."

कावळा उडून गेला. भटजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. सुटलो म्हणत लोक जेवायला निघाले.

माझं डोकं फिरलं होतं. पोरी, एक शब्द देऊन टाकला असतास तर काय बिघडलं असतं? खेकसणारच होते तिच्यावर. तेवढ्यात ती खाली बसली. पिशवीतून दुधाची बाटली आणि मधाची डबी काढली, दोन्ही हळूहळू मातीवर ओतलं आणि ग्रीकमध्ये काहीतरी बोलायला लागली. न अडखळता, अगदी रामनाथच्या सुरात. आम्हाला ओ की ठो कळलं नाही.

बोलून झाल्यावर ती थांबली, कुणी उत्तर देईल म्हणून थांबावं तशी. मला रडू आवरेना. तिच्याशी त्या भाषेत बोलणारं आता कुणीच उरलं नव्हतं.